सिनेटला कायदा करता येत नव्हता, तरी रोम चालवत होती सिनेटच

एका विद्यार्थ्याचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा: रोमच्या प्रजासत्ताकात सिनेट ही नुसती सल्लागार सभा होती, कायदे जनसभा करायच्या, अधिकारीही लोकच निवडून द्यायचे; मग रोमला लोकशाही का म्हणत नाहीत? आणि पुढे पहिल्या सम्राटानं, ऑगस्टसनं, यातली एकही संस्था रद्द केली नाही, तर प्रजासत्ताक बुडालं म्हणजे नेमकं झालं काय?

प्रश्नातली माहिती चोख आहे. पंचवीसेक वर्षं पदवीच्या वर्गाला प्राचीन रोम शिकवतोय, आणि दरवर्षी एखादा हुशार विद्यार्थी नेमका इथंच अडखळतो. कारण आपण रोमचा कारभार आपल्या राज्यघटनेच्या साच्यात बसवायला जातो. सिनेट म्हणजे संसद, कॉन्सल म्हणजे पंतप्रधान, असा तक्ता वहीत काढला की परीक्षेपुरतं भागतं, पण रोमच्या इतिहासातलं पुढचं एकही पान त्या तक्त्यात बसत नाही. रोमला लिखित घटना नव्हतीच. इ.स.पू. ४५१-४५० मध्ये बारा पाट्यांवर कोरलेला कायदा होता, पण त्यात कर्ज, वारसा, शेजाऱ्याच्या शेतावर झुकलेली झाडाची फांदी असल्या बाबी. कारभार कुणी कसा करायचा हे बऱ्याच अंशी वाडवडिलांच्या रीतीवर चालायचं. त्या रीतीला ते 'मोस मायोरम' म्हणत.

आणि त्यांच्याकडे सत्तेला दोन वेगळे शब्द होते. एक 'पोटेस्टास', म्हणजे पदाबरोबर येणारा आणि पदाबरोबर जाणारा अधिकार. दुसरा 'ऑक्टोरिटास'. याचं भाषांतर बहुतेक पुस्तकं 'अधिकारिता', 'प्राधिकार' वगैरे करतात आणि मुलं आणखी गोंधळतात. मी वर्गात सरळ 'वजन' म्हणतो. अमक्याच्या शब्दाला वजन आहे, तमक्याचं वरपर्यंत वजन आहे, असं आपण म्हणतो ना, तेच. सरपंचाचं नाव फलकावर असतं. बांधाचं भांडण मिटवायला गाव ज्याच्या ओट्यावर जाऊन बसतो, तो दुसराच कुणी असू शकतो. अधिकार जनसभेकडे आणि तिनं निवडलेल्या अधिकाऱ्यांकडे होता. वजन सिनेटकडे होतं. एवढं धरून पुढं वाचा.

आधी निवडणूक बघू, कारण लोकशाहीचा भास होतो तो तिथंच.

कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठीचे दोन सर्वोच्च अधिकारी, निवडणारी सभा शहराच्या वेशीबाहेर, मार्सच्या मैदानावर भरायची. ही सभा मुळात सैन्याची, आणि शहराच्या पवित्र हद्दीच्या आत हत्यारबंद सैन्याला मज्जाव, म्हणून बाहेर. सगळे नागरिक १९३ गटांत वाटलेले असत. गटाला लॅटिनमध्ये 'सेंटुरिया' म्हणतात (क्रिकेटवाल्यांनी हुरळून जाऊ नये, शंभराशी त्याचं नातं नावापुरतंच उरलं होतं). मतं माणसांची मोजत नसत. आधी गटाच्या आत मोजणी, मग साऱ्या गटाचा मिळून एक कौल. आणि गट पाडलेले मालमत्तेवरून. घोडेस्वारांचे १८ गट, सर्वांत श्रीमंत अशा पहिल्या वर्गाचे ७०. हे झाले ८८. बहुमताला लागतात ९७. म्हणजे वरच्यांचं आपसांत जमलं, तर दुसऱ्या वर्गातले जेमतेम आठ-नऊ गट मिळाले की काम फत्ते. ज्यांच्याकडे नोंदवण्याजोगी मालमत्ताच नाही अशा सगळ्या लोकांचा मिळून एक गट. एकच. प्रजासत्ताकाच्या अखेरचा वक्ता आणि राजकारणी सिसेरो लिहून ठेवतो की खालच्या कुठल्याही एका गटात जितकी माणसं होती तितकी जवळजवळ सगळ्या पहिल्या वर्गात मिळून नव्हती. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही, रचनेची वाखाणणी म्हणून सांगतो.

शिवाय गट एकाच वेळी मत देत नसत. पहिल्या वर्गातला एक गट चिठ्ठी टाकून निवडायचे, त्यानं आधी मत द्यायचं आणि त्याचा निकाल तिथल्या तिथं पुकारायचा. त्याला दैवी कौल मानत, त्यामुळे मागचे बरेच गट त्याच वाटेनं जात. हव्या तेवढ्या जागांना बहुमत मिळालं की मतदान बंद. वरच्या वर्गांत एकवाक्यता असली, तर बिनमालमत्तेच्या त्या शेवटच्या गटाचं नाव पुकारायची पाळीच यायची नाही. बिचारे सकाळपासून उन्हात उभे राहून घरी परतायचे.

कायदे करणारी दुसरी सभा बरी होती. तिथं मालमत्तेवरून वाटणी नव्हती. ३५ 'जमाती' होत्या, पण रक्ताच्या नव्हे, इलाख्यांच्या, आपल्या वॉर्डांसारख्या. त्यातल्या ३१ ग्रामीण आणि रोम शहराच्या फक्त ४. शहरातली गरीब वस्ती आणि गुलामीतून सुटलेले बहुतेक लोक त्या चारांत कोंबलेले. मत द्यायला मात्र प्रत्येकानं रोमलाच यायचं. इ.स.पू. ९१ ते ८८ च्या युद्धानंतर इटलीभरच्या लोकांना नागरिकत्व मिळालं, इ.स.पू. ७०-६९ च्या गणतीत नागरिक नऊ लाखांच्या घरात गेले, पण मतदानाची जागा तीच राहिली. पो नदीकाठचा शेतकरी पीक सोडून इतक्या लांब कशाला येतोय? येणार तो ज्याला येणं परवडतं, किंवा ज्याला कुणी तरी आपल्या खर्चानं आणतं.

मतदानाच्या आवाराला रोमन लोक थट्टेनं 'ओविले' म्हणत. ओविले म्हणजे मेंढवाडा. लाकडी कुंपणांच्या गल्ल्या, त्यातून एकेकानं पुढं सरकायचं, शेवटी उंचावरच्या फळीवरून चालत जायचं. आधी त्या फळीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला मत तोंडी सांगायचं असे, तो खूण करून घेई. आजूबाजूला कान टवकारलेले. इ.स.पू. १३९ मध्ये कायदा झाला आणि निवडणुकीत मेण लावलेली लाकडी पाटी आली. विधेयक असेल तर पाटीवर 'व्ही' किंवा 'ए': 'तू मागतोस तसं होऊ दे' किंवा 'जुनंच राहू दे'. पुब्लिउस लिकिनिउस नेर्वा नावाच्या अधिकाऱ्यानं इ.स.पू. ११२ च्या सुमारास पाडलेल्या एका चांदीच्या नाण्यावर हा प्रसंग आहे. डावीकडचा मतदार वाकून खालच्या माणसाकडून पाटी घेतोय, उजवीकडचा पाटी टोपलीत टाकतोय. नखाएवढं चित्र, पण मी वर्गात ते पडद्यावर मोठं करून दाखवतो आणि विचारतो, या फळीवर तिसरा माणूस उभा राहिला तर? मुलांच्या लगेच लक्षात येतं.

खरंच तिसरे लोक उभे राहत. बड्यांची माणसं फळीवर घुटमळून पाटीवर काय खरडलंय ते बघायची. म्हणून इ.स.पू. ११९ मध्ये मारिउसनं कायदा आणला की या फळ्या अरुंद करायच्या. इतकंच. पण या फळीवरून काय महाभारत झालं बघा. कॉन्सल कोट्टानं सिनेटला चिथावलं, सिनेटनं मारिउसला जाब द्यायला बोलावलं. मारिउस त्या वर्षी ट्रिब्यून, म्हणजे सामान्यांच्या रक्षणासाठी निवडलेला अधिकारी, होता. त्यानं कोट्टाला सांगितलं, ठराव मागे घे, नाहीतर तुरुंगात टाकीन. कोट्टानं मेटेल्लुसकडे बघितलं, मेटेल्लुस त्याच्या बाजूनं उभा राहिला. मारिउसनं शिपायाला हाक मारून मेटेल्लुसलाच धरायला सांगितलं. आता हा मेटेल्लुस कोण, तर ज्या घराण्याच्या पदरी मारिउसच्या वडिलांपासूनची माणसं होती त्या घराण्यातला. मारिउस ट्रिब्यून झाला तोच मुळी मेटेल्लुसच्या पाठिंब्यावर. दुसऱ्या कुठल्याही ट्रिब्यूननं मध्ये पडायला नकार दिला, सिनेट वरमली आणि फळ्या अरुंद झाल्या.

सिसेरोला गुप्त मतदान शेवटपर्यंत रुचलं नाही. त्यानं आपल्या आदर्श कायद्यांत तोड सुचवली होती: पाटी लोकांच्या हाती राहू द्यावी, पण ती प्रतिष्ठितांना दाखवली जावी. मत स्वतंत्र, पण साहेबांना कळलेलं! मला तर सबंध रोमन प्रजासत्ताक या एका तरतुदीत दिसतं.

आता 'पदरी असणं' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पाठ्यपुस्तकात यावर दोन ओळी असतात आणि खरं राज्य तिथून चालायचं.

पहाटे, उजाडतं न उजाडतं तोच मोठ्या घराच्या दारात माणसं जमायची. अंगावर टोगा, म्हणजे कित्येक हात लांबीचं ते लोकरी वस्त्र, रोममधल्या जुलैतसुद्धा. दिवाणखान्यात मालक यायचा, शेजारी नावं सांगणारा गुलाम. त्याचं कामच ते: 'हा अमुक, गेल्या साली याच्या मुलाचं लग्न झालं' असं कानात कुजबुजायचं. मुजरा व्हायचा. कुणाला कोर्टात उभं राहायला माणूस हवा, कुणाला कर्ज, कुणाच्या पोराला पलटणीत चांगल्या जागी चिकटवायचंय. आश्रयदात्यानं हे करायचं. बदल्यात आश्रितानं त्याच्यामागून फोरमपर्यंत, म्हणजे शहराच्या मुख्य चौकापर्यंत, चालत जायचं, त्याच्या भाषणाला टाळ्या द्यायच्या, मार्सच्या मैदानावर त्याच्या माणसाचं नाव पाटीवर लिहायचं. मागे किती माणसं चालताहेत यावरून रस्त्यातले लोक वजन ओळखायचे. हे नातं कराराचं नव्हतं, 'फिदेस'चं होतं, म्हणजे विश्वासाचं, दिल्या शब्दाचं. बारा पाट्यांच्या कायद्यात एक कलम होतं: आश्रिताला फसवणारा आश्रयदाता शापित ठरो.

मुक्त केलेला गुलामही असाच बांधला जायचा. रोमन नागरिकानं रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक होई, ग्रीसच्या मानानं ही फार मोठी गोष्ट, पण तो जुन्या मालकाचं नाव लावून त्याच्याच पदरी राहायचा. सिसेरोचा लेखनिक टिरो इ.स.पू. ५३ मध्ये मुक्त झाला आणि मार्कुस टुल्लिउस टिरो झाला.

यात पैसा कसा फिरायचा तेही बघा. इ.स.पू. २०४ च्या कायद्यानं वकिली करणाऱ्याला अशिलाकडून मोबदला घ्यायला बंदी होती. सज्जन माणूस उपकार करतो, फी घेत नाही, हा दिमाख. सिसेरोनं इ.स.पू. ६२ मध्ये पॅलाटाइन टेकडीवर क्रास्सुसचं घर ३५ लाख सेस्टेर्सला घेतलं. एवढे पैसे कुठून आले? त्यातले २० लाख पुब्लिउस सुल्ला याच्याकडून 'उसने'. सुल्लावर त्या वेळी खटला होता, आणि त्याच्या बचावाला उभा राहिला सिसेरो. लाच नाही, फी नाही, मित्राचं कर्ज. असल्या उसनवारीचं जाळं सगळ्या सिनेटभर पसरलेलं होतं. निवडणुकीत तर विचारूच नका. प्रत्येक जमातीत पैसे वाटणारे ठरलेले लोक असत, त्यांना धंद्याचं नावच होतं, 'दिविझोर', म्हणजे वाटप्या. इ.स.पू. ५४ च्या उन्हाळ्यात कॉन्सलपदाच्या चुरशीत इतकं कर्ज उचललं गेलं की रोममधला व्याजदर वर्षाला ४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेला. सिसेरोनं मित्राला लिहिलेल्या पत्रात हे आहे, आणि कुठल्याही तक्त्यापेक्षा ती एक ओळ जास्त शिकवते.

हा पैसा वसूल व्हायचा प्रांतांतून. कॉन्सल किंवा प्रीटर (कॉन्सलच्या खालचं पद) म्हणून वर्ष काढायचं, मग प्रांताचा सुभेदार म्हणून जायचं. प्रांतातला कर सरकार स्वतः गोळा करत नसे, त्याचा लिलाव होई. बोली लावणाऱ्या मंडळींना 'पुब्लिकानी' म्हणत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्यानं देत, त्याच जातीचा प्रकार, आणि रयतेचे हालही त्याच जातीचे. सिसिलीचा सुभेदार वेर्रेस म्हणे सांगत फिरायचा की तीन वर्षांपैकी एका वर्षाची कमाई माझी, एकाची वकिलांची आणि सर्वांत चांगल्या वर्षाची न्यायाधीशांची. हे त्याच्यावर खटला चालवणाऱ्या सिसेरोचं म्हणणं, तेव्हा मीठमसाला असेल. पण रोममधल्या श्रोत्यांना ते पटण्यासारखं वाटलं, हेही काही कमी नाही.

आता सिनेट. तिची ताकद समजायला एका कॉन्सलच्या जागी स्वतःला ठेवा. तुम्ही एका वर्षासाठी निवडून आलात. पुढं बारा लिक्टर, म्हणजे चोपदार, चालताहेत, खांद्यावर छड्यांच्या मोळ्या. शहराबाहेर त्या मोळीत कुऱ्हाडही असते. तुमच्या जोडीला दुसरा कॉन्सल, अधिकार तंतोतंत तेवढाच, आणि तो तुम्हाला अडवू शकतो. एक महिना मोळ्यांचा मान तुमचा, पुढचा त्याचा. पगार नाही. कचेरी म्हणावी अशी कचेरी नाही. शहरात पोलीस नाहीत. वर्ष संपलं की तुम्ही परत सिनेटच्या त्याच तीनशे लोकांत (हुकूमशहा लुसिउस सुल्लानंतर सहाशे) मरेपर्यंत बसणार. तुम्हाला कुठला प्रांत, किती सैन्य, किती पैसा द्यायचा ते सिनेट ठरवणार. पद असेपर्यंत तुमच्यावर खटला होत नाही. पद गेलं की होऊ शकतो. आणि समोर बसलेल्या माजी कॉन्सलांपैकी एक तुमचा मामा, एक सासरा, एक ज्याच्याकडून निवडणुकीला कर्ज घेतलं तो. आता त्यांनी 'असं करावं असं आम्हाला वाटतं' म्हटलं, तर तुम्ही काय करणार?

'सेनाटुस कॉन्सुल्टुम', म्हणजे सिनेटचा ठराव, कागदोपत्री सल्लाच होता. ट्रिब्यून तो अडवू शके. अडवला तरी तो सिनेटचं मत म्हणून नोंदवून ठेवत, आणि त्या नोंदीला जे नाव द्यायचे तेच मुळी 'ऑक्टोरिटास'. अधिकार हिरावला तरी वजन शिल्लक!

सभेत बोलायची पाळी दर्जाप्रमाणे. माजी कॉन्सल आधी, मग माजी प्रीटर, खालच्यांपर्यंत बहुधा वेळ पोचायचाच नाही. त्यांनी ज्याचं पटलं त्याच्या बाजूला चालत जाऊन उभं राहायचं. त्यांना 'पेडारी' म्हणत, पायांनी मत देणारे. सूर्य मावळला की सभा बरखास्त, आणि बोलणाऱ्याला थांबवायचा नियम नाही. इ.स.पू. ६० मध्ये सीझर स्पेनहून विजयी परतला. विजययात्रा हवी तर सैन्यासह वेशीबाहेर थांबायला हवं. कॉन्सलपदाला उभं राहायचं तर स्वतः शहरात येऊन नाव द्यायला हवं. त्यानं गैरहजर राहून अर्ज भरायची मुभा मागितली. सीझरचा कट्टर विरोधक धाकटा काटो उठला आणि अंधार पडेपर्यंत बोलत राहिला. सीझरनं यात्रेवर पाणी सोडलं आणि शहरात आला.

पुढच्या वर्षी त्यानं हिशेब चुकता केला. जोडीदार कॉन्सल बिबुलुस जमिनीच्या कायद्याला आडवा गेला, तर त्याच्या डोक्यावर शेणाची टोपली ओतली गेली आणि त्याच्या लिक्टरांच्या मोळ्या मोडल्या. बिबुलुस घरी जाऊन बसला आणि वर्षभर 'मी आकाशात शकुन बघतोय' असा निरोप पाठवत राहिला. रीतीप्रमाणे शकुन बघणं चालू असताना जनसभा घेता येत नाही. आधी असल्या निरोपाला किंमत होती. आता लोक पत्रांवर गमतीनं 'जूलिउस आणि सीझर यांच्या कॉन्सलपदाच्या वर्षी' असं लिहायला लागले.

पण भेग पडली होती ती याच्या बरीच आधी, इ.स.पू. १३३ मध्ये, आणि परीक्षेत विचारलं नाही तरी हा भाग नीट वाचा. ट्रिब्यून हे पद सामान्यांच्या रक्षणासाठी. इ.स.पू. ४९४ मध्ये सामान्य लोक शहर सोडून डोंगरावर जाऊन बसले, तेव्हा ते मिळवलं. त्याचा अधिकार म्हणजे त्याचं शरीर: अंगाला कुणी हात लावायचा नाही, आणि अन्याय होत असेल तिथं जाऊन मध्ये उभं राहायचं. म्हणून त्याच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं आणि त्यानं रात्री रोमबाहेर राहायचं नाही. इ.स.पू. २८७ पासून सामान्यांच्या सभेचा ठराव सर्वांना बंधनकारक. म्हणजे कायद्यानं बघाल तर ट्रिब्यून रोममध्ये काहीही करून घेऊ शकत होता. दीडशे वर्षं फारसं कुणी करून घेतलं नाही. आधी सिनेटला विचारायचं, ही रीत होती.

टिबेरिउस ग्राक्खुसनं ती मोडली. सरकारी जमीन माणशी ५०० युगेरांवर (सव्वाशे हेक्टरच्या आसपास) कुणी बळकावू नये, उरलेली गरिबांना वाटावी, हा त्याचा कायदा. तो सिनेटला न विचारता थेट सभेपुढं नेला. जोडीदार ट्रिब्यून ओक्टाविउसनं अडवलं, तर सभेकडून त्यालाच पदावरून काढलं. आशिया मायनरमधल्या पेर्गामुमचा राजा मेला आणि राज्य रोमला देऊन गेला, तर तो पैसा या वाटपाला लावायचं म्हणाला, म्हणजे सिनेटच्या तिजोरीत हात. मग पुन्हा निवडणुकीला उभा राहिला. यातली एकही गोष्ट उघडउघड बेकायदा नव्हती. सिनेटमध्ये कॉन्सल स्काएवोलाला सांगितलं गेलं, बळ वापर. तो म्हणाला, खटल्याशिवाय नागरिकाला मारणार नाही. तेव्हा स्किपिओ नासिका उठला. त्याच्याकडे मुख्य पुरोहितपद होतं, पण हुकूम देण्याचा अधिकार देणारं कुठलंही पद नव्हतं. 'राज्य वाचवायचं असेल त्यानं माझ्यामागून यावं,' असं म्हणून तो निघाला आणि सिनेटर मोडक्या बाकांचे पाय घेऊन त्याच्यामागे. टिबेरिउस मेला, त्याचे तीनशेवर साथीदार मेले, प्रेतं टायबर नदीत. ज्याच्या अंगाला हात लावायचा नाही त्या ट्रिब्यूनला, ज्याला काही अधिकार नाही अशा माणसानं मारलं.

हुकूमशहा सुल्ला, सेनापती पॉम्पी, सीझर हे सगळे यानंतरचे. सैनिकांना जमीन देणारा सेनापती हाच सैनिकांचा आश्रयदाता झाला आणि पहाटेचा मुजरा छावणीत व्हायला लागला, एवढं इथं पुरे.

बायकांबद्दल विचारलेलं नाही, पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांना मत नाही, पद नाही. इ.स.पू. ४२ मध्ये सीझरच्या खुनानंतरच्या तिघा सत्ताधाऱ्यांनी (अँटनी, लेपिडुस आणि पुढं ऑगस्टस झालेला तरुण) युद्धखर्चासाठी १४०० श्रीमंत स्त्रियांवर कर बसवला. त्या आधी त्या तिघांच्या घरच्या बायकांकडे गेल्या, म्हणजे वजनाच्या वाटेनं. अँटनीच्या बायकोनं दारातून हाकललं. मग त्या फोरममध्ये घुसल्या आणि होर्टेन्सिआनं भर चौकात भाषण केलं: आम्हाला पदं नाहीत, मान नाहीत, सैन्य नाही, मग कर कशाला? दुसऱ्या दिवशी १४०० च्या ४०० झाल्या.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. ऑगस्टसनं काय केलं, तर अधिकार पदांपासून सोडवून घेतले. इ.स.पू. २७ मध्ये राज्य सिनेट आणि जनतेला 'परत' केलं. इ.स.पू. २३ मध्ये कॉन्सलपद सोडलं आणि ट्रिब्यूनचा अधिकार घेतला, ट्रिब्यून न होता. सुभेदारांच्या वरचा लष्करी अधिकार घेतला, कॉन्सल नसताना. कॉन्सल दरवर्षी दोन निवडले जातच होते, सिनेट भरतच होती, जुनी नावं सगळी जागच्या जागी. म्हातारपणी त्यानं आपल्या कामगिरीचा जो लेख लिहिला, त्यात तो म्हणतो की वजनात मी सर्वांच्या वर होतो, पण अधिकार मला माझ्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त नव्हता. मूळ लॅटिनमध्ये तेच दोन शब्द आहेत, ऑक्टोरिटास आणि पोटेस्टास. बहुतेक टीकाकार याला ढोंग म्हणतात. मला ते रोमन राजकारणातलं सर्वांत अचूक वाक्य वाटतं. आधी वजन तीनशे-सहाशे लोकांत वाटलेलं होतं, ते एकमेकांचं वजन मापायचे आणि कमी करायचे. आता तराजूच्या एका पारड्यात तो एकटा. दोन लाख लोकांना फुकट धान्य देणारा, सगळ्या सैन्याला जमीन देणारा, म्हणजे सबंध रोम त्याच्या पदरी. म्हणून 'नेमकं कधी बुडालं' याला तारीख नाही. इ.स. १४ मध्ये ऑगस्टसचा वारस सम्राट टिबेरिउस (हा ग्राक्खुस नव्हे) यानं अधिकाऱ्यांची निवडणूक मैदानावरून उचलून सिनेटमध्ये नेली, तेव्हा लोकांनी थोडी कुरकुर केली आणि ती तिथंच राहिली.

गावोगाव मात्र निवडणुका चालूच होत्या, आणि तिथं त्या चुरशीच्या होत्या. पॉम्पेईच्या भिंतींवर, इ.स. ७९ च्या राखेखाली, निवडणुकीच्या हजारोंनी रंगवलेल्या जाहिराती मिळाल्या. 'फळवाले सगळे मिळून अमक्याला निवडा म्हणताहेत', 'शेजारी विनंती करताहेत', काहींखाली मत नसलेल्या बायकांचीही नावं. मार्कुस केर्रिनिउस वाटिआ नावाचा एक उमेदवार एडाइल व्हायला उभा होता, रस्ते-बाजार बघणारं पद. त्याच्यासाठी रंगवलेल्या एका ओळीत लिहिलंय की रात्री उशिरापर्यंत पिणारे सगळे वाटिआच्या पाठीशी आहेत, आणि दुसऱ्या एकीत, भुरटे चोर त्याला मत द्या म्हणताहेत. विरोधकांनी रंगवलं असणार.